देह ही अमानत : आजारपण, वजन आणि घरसंसार

मनुष्य आपल्या देहाचा मालक आहे की राखणदार? या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातील लहान मूलसुद्धा देईल. देह अल्लाहने दिलेला आहे, आपण त्याचे केवळ अमानतदार आहोत. परंतु उत्तर तोंडपाठ असणे निराळे आणि दिवसाच्या धबडग्यात ते पाळणे निराळे. गुडघेदुखीमुळे जिना चढणे अवघड झालेली, थायरॉईडची गोळी चालू असलेली, डॉक्टरांनी आठ-दहा किलो वजन उतरविण्यास सांगितलेली एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. अशा स्त्रिया आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. फज्रच्या नमाजनंतर मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधे, दुपारच्या भाकऱ्या, सायंकाळी मुलांचा अभ्यास. चालावयास जाण्याची वेळ तिने ठरविलेली असते आणि नेमके त्याच वेळी कोणाला तरी ताप येतो किंवा दारात पाहुणे उभे राहतात. तीन महिने पथ्य सांभाळून वजन दोन किलो उतरते, मग एखादी शस्त्रक्रिया होते, सक्तीची विश्रांती येते आणि ते तीन किलोंनी चढते. या स्त्रीने अमानत सांभाळली असे म्हणावे, की अमानतीत खयानत केली असे म्हणावे?

हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे पथ्य, वजन आणि औषधाच्या वेळा या आता अपवादात्मक घरांतील गोष्टी नव्हेत.

अमानत हा शब्द आपण वाजवीपेक्षा सैलपणे वापरतो. फिक्हमध्ये त्याला नेमका अर्थ आहे. एखाद्याने आपली वस्तू विश्वासाने दुसऱ्याकडे राखण्यासाठी दिली तर तिला वदीअत म्हणतात. ती वस्तू राखणदाराच्या हातून हरवली, जळाली वा मोडली, तर फकीह पहिला प्रश्न विचारतात तो असा की, राखणदाराने हयगय केली होती काय, किंवा मर्यादा ओलांडून त्या वस्तूचा वापर केला होता काय. दोन्हींपैकी काहीच नसेल तर त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही. ती वस्तू आहे तशीच परत करता आली नाही, एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. हा नियम देहाला लावून पाहावा. देह झिजणारच आहे; तो धडधाकट परत करण्याचा करार आपल्याशी झालेलाच नाही. विचारणा होईल ती निगराणीची. काट्यावरचा आकडा उतरला की नाही, हा प्रश्न त्या विचारणेत दुय्यम आहे.

येथे वैद्यकशास्त्राचे म्हणणेही ऐकावयास हवे, कारण अज्ञानातून आपण निष्कारण एकमेकांच्या ईमानावर आणि इच्छाशक्तीवर संशय घेतो. थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावले की शरीराची ऊर्जा खर्च करण्याची गतीही मंदावते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉईडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या तर भूक वाढते आणि अंगात पाणी साठते. इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन पुष्कळदा वाढते. शिवाय वजन उतरू लागले की शरीर आपला खर्च आणखी आखडता घेते, जणू दुष्काळ पडला आहे असे समजून. म्हणून पहिले चार किलो उतरतात आणि पुढचा एक किलो महिनोन्‌महिने हलत नाही. हे सारे ठाऊक नसलेला नातेवाईक सहज म्हणून जातो, खाणे कमी कर, दुसरे काय? त्याला वाटते आपण नसीहत केली.

याचा अर्थ प्रयत्न व्यर्थ आहेत असा मुळीच नव्हे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांपुढे केवळ सात टक्के वजन घटविण्याचे आणि आठवड्यातून १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे ध्येय ठेवले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. गुडघ्यांच्या संधिवातावरील संशोधन सांगते की, शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. सज्द्यातून उठताना ज्याच्या तोंडून कळ निघते त्याला या चार किलोंचे मोल सांगावे लागत नाही. लग्नाच्या फोटोत दिसणाऱ्या जुन्या देहाकडे परत जाण्याचे ध्येय आणि सज्द्यातून आधाराशिवाय उठता येण्याचे ध्येय, ही दोन ध्येये काट्यावर सारखी दिसली तरी नियतीच्या हिशेबात सारखी नाहीत.

आता हक्कांच्या प्रश्नाकडे वळू या, कारण खरी ओढाताण तेथेच आहे. सहीह बुखारीत हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या दोघांमध्ये बंधुत्व जोडून दिले होते. सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले तेव्हा त्यांना उम्मे दरदा (रजि.) अगदी साध्या, उदास वेषात दिसल्या. विचारल्यावर त्यांनी सांगितले की, तुमच्या भावाला या दुनियेतील कशाचीच गरज उरलेली नाही. अबू दरदा (रजि.) दिवसा रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. सलमान (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने जेवावयास बसविले, रात्री झोपावयास लावले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांना समजावले की, पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, स्वतःच्या जिवाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे. ज्याचा हक्क त्याला द्यावा. हे प्रेषितांच्या (स.) कानावर गेले तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे असल्याचा निर्वाळा दिला.

या हदीसवर आपल्याकडे अनेक प्रवचने होतात. बहुतेकांचा रोख इबादतीत अतिरेक करणाऱ्या पुरुषाकडे असतो, आणि खरे सांगावयाचे तर असा पुरुष आज शोधूनही सापडणे कठीण! आजच्या घरांत अतिरेक उलट बाजूने होतो. जिवाचा हक्क इबादतीने नव्हे, घरकामाने गिळलेला असतो. घरातील स्त्री सर्वांच्या शेवटी जेवते, उभ्याउभ्या जेवते, मुलांच्या ताटांतले उरलेले घास पोटात टाकते आणि त्याला इसराफ टाळणे समजते. वास्तविक ज्याची शरीराला गरज नाही ते अन्न कचऱ्यात टाकले काय आणि आजारी पोटात टाकले काय, वाया जावयाचे ते जातेच. दुसऱ्या प्रकारात वर औषधाचा खर्च येतो. उपाय दस्तरखानावर वाढतानाच कमी वाढणे हा आहे. अल्लाहने सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा आणि अतिरेकाची मनाई एकाच आयतीत सांगितली आहे (७:३१).

सलमान (रजि.) यांनी सांगितलेले तिन्ही हक्क एकाच ओळीत उभे आहेत, हे ध्यानात घ्यावे. जिवाचा हक्क हा घरच्यांच्या हक्कातून उरला-सुरला तर द्यावयाचा तुकडा नव्हे. म्हणून जी आई रोज अर्धा तास चालावयास जाते ती मुलांच्या वाट्याचे काही चोरीत नाही. मात्र हाच नियम दुसऱ्या टोकालाही लागू आहे. सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळेत घालवून दंडाचे माप घेणारा आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचे ज्याच्या गावीही नाही असा तरुणही आपण पाहतो. तोदेखील म्हणेल की देह अमानत आहे. त्याने एक हक्क देता देता दुसरा बुडविला आहे. आपल्या काळात आरोग्यालाच एक नवे दैवत करून ठेवण्याची रीत पडू लागली आहे, आणि तिच्यापासून तरुण पिढीला सावध करणे मला तितकेच आवश्यक वाटते.

मग निवाडा कसा करावा? कोणता व्यत्यय खरा आणि कोणती केवळ सबब, हे बाहेरचा माणूस सांगू शकत नाही. सूरह कियामहमध्ये आले आहे की, मनुष्याने कितीही सबबी पुढे केल्या तरी तो स्वतःच स्वतःवर साक्षी असतो (७५:१४-१५). मुलाच्या तापामुळे आठवडाभर चालणे सुटले आणि ताप उतरल्यानंतरही महिनाभर सुटलेलेच राहिले, तर पहिल्या आठवड्याचा आणि नंतरच्या महिन्याचा हिशेब एक नाही, हे त्या व्यक्तीला आतून ठाऊक असते. पण ते तिलाच ठाऊक असते. जावेला, नणंदेला किंवा शेजारणीला नाही.

सर्वांत जास्त गल्लत होते ती सब्र या शब्दाची. दुखणे अंगावर काढणे म्हणजे सब्र, आणि त्रास जितका अधिक तितका सवाब अधिक, अशी समजूत आपल्या घरांत खोल रुजलेली आहे. एका माणसाने नवस केला होता की, उन्हातच उभे राहीन, बसणार नाही, सावलीत जाणार नाही, बोलणार नाही आणि रोजा ठेवीन. प्रेषितांनी (स.) त्याला बोलण्याचा, सावलीत बसण्याचा आणि फक्त रोजा पूर्ण करण्याचा आदेश दिला. रोजा इबादत होती म्हणून राहिला. ऊन नुसताच त्रास होता म्हणून गळाला. आठव्या हिजरी शतकातील अंदलुसचे विद्वान इमाम शातिबी यांनी अल-मुवाफकात या ग्रंथात हा विषय विस्ताराने मांडला आहे. शरीअतच्या आज्ञांबरोबर काही कष्ट येतात हे खरे, परंतु कष्ट हा त्या आज्ञांचा हेतू नसतो आणि म्हणून केवळ कष्टासाठी कष्ट ओढवून घेणे ही इबादत होत नाही, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

याउलट एका प्रसंगात प्रेषित (स.) अत्यंत नाराज झाले होते. प्रवासात एका व्यक्तीचे डोके फुटले, त्यानंतर तिला स्नान फर्ज झाले. तिने सोबत्यांना विचारले की तयम्मुमची सवलत आहे काय. त्यांनी नाही म्हटले. तिने स्नान केले आणि तिचा मृत्यू झाला. अबू दाऊदमधील या हदीसनुसार प्रेषितांनी (स.) त्या मृत्यूचा दोष सल्ला देणाऱ्यांवर ठेवला आणि ठाऊक नसेल तर विचारावे, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, अशी समज दिली. इन्सुलिन घेणाऱ्या मावशीला, एवढ्याशाने काय होते, रोजा ठेवच, असे सांगणाऱ्या प्रत्येक हितचिंतकाने ही हदीस एकदा शांतपणे वाचावी.

रमजानचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात. सूरह बकराच्या लागोपाठच्या दोन आयतींत (२:१८४ व १८५) आजारी आणि प्रवासी यांची सवलत दोनदा आली आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, कष्ट नकोत, हा आशय तेथेच आला आहे. बरे होण्यासारखा आजार असेल तर नंतर कजा, आणि बरे होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजवंताचे जेवण, म्हणजे फिदिया. सवलत घेणे ही इबादतीतून सुटका नव्हे, तोही आज्ञेचाच भाग आहे. दुसरी गोष्ट व्यवहाराची. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रोजा ठेवू इच्छिणाऱ्या रुग्णाच्या धोक्याचे कमी, मध्यम व अधिक असे मूल्यमापन केले जाते आणि त्यासाठी रमजानपूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटावे असे सुचविले आहे. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तत्काळ सोडावा, असेही त्यांत आहे. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे आज उलमांचे सर्वमान्यप्राय मत आहे. तरी अजून पुष्कळ घरांत त्या सुईची धास्ती असते. आणि ज्यांना रोजा ठेवता येतो त्यांचे वजन महिन्याअखेरीस वाढते कसे, याचे उत्तर इफ्तारच्या दस्तरखानावरच सापडेल. समोसे, भजी, सरबत आणि त्यावर फिरनी, असा तो हिशेब आहे.

पथ्याचा सर्वांत मोठा शत्रू भूक नसून आग्रह आहे, असे मला वाटते. आपण मेहमाननवाजीचा अभिमान बाळगतो आणि बाळगावाही. परंतु नको म्हणणाऱ्याच्या ताटात बिर्याणीचा आणखी एक डाव पडला नाही तर आपल्याला मेहमाननवाजी झाली असे वाटतच नाही. अबू दाऊद आणि तिरमिजी यांमध्ये हजरत उम्मे मुंजिर (रजि.) यांच्या घरची हकीकत आहे. घरात खजुरांचे घोस टांगलेले होते. प्रेषित (स.) त्यांतून खाऊ लागले आणि हजरत अली (रजि.) हेही खाऊ लागले. अली (रजि.) नुकतेच आजारातून उठले होते. प्रेषितांनी (स.) त्यांना अशक्तपणाची आठवण देऊन थांबविले. यजमानबाईंनी याचा राग मानला नाही. त्यांनी जव आणि सिल्क नावाची पालेभाजी शिजवून आणली, आणि प्रेषितांनी (स.) अली (रजि.) यांना यातून घ्या, हे तुमच्यासाठी अधिक मानवणारे आहे, असे सांगितले. खजूर हराम नव्हते. खजूर तेच होते जे प्रेषित (स.) स्वतः खात होते. एकाच दस्तरखानावर एका माणसाला जे योग्य ते दुसऱ्याला अयोग्य असू शकते, आणि यात न खाणाऱ्याचा वा यजमानाचा अपमान नाही. आपल्या मंगनी, वलीमा आणि ईदच्या पंगतींत ही एक गोष्ट रुजली तर किती रुग्णांचे भले होईल!

आग्रहाची धाकटी बहीण म्हणजे थट्टा. किती सुटलीस गं, असे भर मैफलीत म्हणणाऱ्यांना आपण काही गैर केले असे वाटत नाही. एकमेकांची खिल्ली उडविण्याची मनाई सूरह हुजुरातमध्ये स्त्री-पुरुषांना वेगवेगळे उद्देशून आली आहे (४९:११). हजरत आयेशा (रजि.) यांनी हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाचा नुसता इशारा केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, हा शब्द समुद्रात मिसळला तर समुद्रही गढूळ होईल. आणि देहाचे बदलणे हे प्रेषितांच्या (स.) घरात किती सहज घेतले जाई तेही पाहावे. ते आणि आयेशा (रजि.) एकदा धावण्याच्या शर्यतीत उतरले, तेव्हा आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित (स.) जिंकले, ही त्या वेळची परतफेड, असे ते हसत म्हणाले. शर्यत मात्र दोन्ही वेळा झाली. अंग भरले म्हणून पत्नीला बसवून ठेवले नाही की टोमणा मारला नाही.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या काटकुळ्या पायांना काही लोक हसले होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) फर्माविले की, मीजानमध्ये हे पाय उहुद पर्वताहून जड भरतील. त्याउलट बुखारीत असेही आले आहे की, कियामतच्या दिवशी एखादा भारदस्त, धिप्पाड माणूस आणला जाईल आणि त्याचे वजन डासाच्या पंखाइतकेही भरणार नाही. या दुसऱ्या हदीसचा उपयोग काही जण स्थूल माणसांना हिणविण्यासाठी करतात. परंतु त्याबरोबर सूरह कहफच्या ज्या आयतीचा (१८:१०५) हवाला आहे ती पालनकर्त्याच्या आयतींना नाकारणाऱ्यांविषयी आहे. तो काटा निराळा आहे, आणि न्हाणीघराशेजारी ठेवलेला काटा त्याच्याशी जोडू नये.

घरच्यांच्या वाट्याला काय येते, हा भाग आपण सहसा बोलत नाही. घरात एकाला पथ्य असेल तर ते त्याचे एकट्याचे राहूच शकत नाही. एकासाठी ज्वारीची भाकरी आणि पाच जणांसाठी तळलेले पराठे, आणि ते पराठे करणारी पुन्हा पथ्यावर असलेलीच, ही व्यवस्था फार काळ टिकत नाही. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घ्यावयाचा नसतो. त्या वेळात सासऱ्यांचा चहा दुसऱ्या कोणी केला तर काय बिघडते? आयेशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (स.) घरात काय करीत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही सुन्नत मिसवाकइतकी प्रचलित झालेली नाही, एवढेच म्हणतो.

हिजरी सन २ मध्ये बदरच्या मोहिमेची तयारी झाली तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, प्रेषितकन्या रुकय्या (रजि.), अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रेषितांनी (स.) उस्मान (रजि.) यांना त्यांच्याजवळ मदीनेतच थांबावयास सांगितले आणि बदरमध्ये हजर राहणाऱ्याइतकाच मोबदला आणि गनीमतीतील वाटा त्यांना मिळेल असे सांगितले. सुश्रूषेचा उपयोग झाला नाही. विजयाची बातमी घेऊन हजरत जैद (रजि.) मदीनेत पोचले तेव्हा रुकय्या (रजि.) यांचे दफन नुकतेच झाले होते. उस्मान (रजि.) यांचा वाटा मात्र कायम राहिला, आणि बदरमध्ये सहभागी झालेल्यांत त्यांची गणना केली जाते.